आपलं कुठलं, परकं कुठलं?

पेटी आपली की परकी? हा प्रश्न पोशीरमध्ये कुणालाही विचारला तर तो तुमच्याकडे वेड्यासारखा बघेल. पेटीशिवाय भजन नाही, आणि भजनाशिवाय एकादशी नाही, हरिनाम सप्ताह नाही, की कुणाच्या दहाव्या-बाराव्याची रात्र नाही. नेरळवरून कळंबकडे जाणाऱ्या या रस्त्यावर जेवढी गावं लागतात, त्यातल्या प्रत्येक देवळात एखादी जुनी पेटी कपड्यात गुंडाळून ठेवलेली असते. आणि तरीही ही पेटी दोनशे वर्षांची सुद्धा नाही. जन्माने ती फ्रेंच. अलेक्झांडर डेबां नावाच्या पॅरिसच्या कारागिराने १८४० च्या सुमारास तिचं पेटंट घेतलं. पुढे कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या आसपास तिचे पाय काढले, भाता हाताने मारायची सोय केली, आणि बाई आपल्याकडे मांडी घालून बसल्या त्या बसल्याच!

हे सगळं आज लिहावंसं वाटलं त्याचं निमित्त पेटी नाही. निमित्त आहे एक फिनिश संगीतकार.

झालं असं की गेली काही वर्षं आम्ही चार-पाच जण गुरुवारी संध्याकाळी एकत्र बसून काहीतरी ऐकतो. मंडळ वगैरे काही नाही. निवृत्त झालेले एक सर आहेत, भजनात पेटी वाजवणारे एक बुवा आहेत, मी, माझी बायको, आणि सुट्टीला आली तर पुतणी. नियम दोनच. रचना पूर्ण ऐकायची, मध्ये बोलायचं नाही. आणि नंतर प्रत्येकाने काहीतरी बोलायचं, नुसतं 'छान' म्हणून सुटायचं नाही. कुमार गंधर्व झाले, मल्लिकार्जुन मन्सूर झाले, 'घाशीराम कोतवाल'साठी भास्कर चंदावरकरांनी केलेलं संगीत झालं. अशाच एका गुरुवारी पुतणीने फोनवरून स्पीकर जोडला आणि म्हणाली, "आज पाखरं ऐकायची."

रचनेचं नाव 'कांटुस आर्क्टिकुस', म्हणजे उत्तर ध्रुवाकडचं गाणं. रचनाकार आयनोयुहानी राऊटावारा. हा १९२८ चा, हेलसिंकीचा, आणि २०१६ मध्ये गेला. म्हणजे आपल्याच काळातला माणूस. आई-वडील दोघेही त्याच्या लहानपणीच गेले. १९५५ मध्ये, जॉं सिबेलियस या फिनलंडच्या सगळ्यात मोठ्या संगीतकाराला नव्वद वर्षं पूर्ण होत होती, तेव्हा एका अमेरिकन प्रतिष्ठानने त्याच्या सन्मानार्थ एका तरुण फिनिश संगीतकाराला शिष्यवृत्ती द्यायचं ठरवलं आणि निवड सिबेलियसवर सोपवली. त्याने राऊटावाराचं नाव सांगितलं. मग हा न्यूयॉर्कला जाऊन शिकून आला. सिबेलियस म्हणजे फिनलंडमध्ये काय प्रकरण आहे हे कळायला एवढंच पुरे, की १९१७ पर्यंत तो देश रशियाच्या ताब्यात होता आणि त्या पारतंत्र्यात त्याच्या 'फिनलांडिया'ने लोकांना आपण एक देश आहोत असं वाटायला लावलं. अशा माणसाने पाठीवर हात ठेवला म्हणजे काय ओझं आलं असेल बघा.

१९७२ मध्ये ओऊलू इथल्या विद्यापीठाने पदवीदान समारंभासाठी राऊटावाराला काहीतरी लिहून मागितलं. अशा वेळी काय लिहितात ते ठरलेलं असतं. मोठं समूहगान, गंभीर शब्द, शेवटी टाळ्या. याने काय केलं, तर टेप रेकॉर्डर घेऊन उत्तर फिनलंडमधल्या पाणथळ जागांमधले आणि आर्क्टिक वृत्ताजवळचे पक्ष्यांचे आवाज टिपले आणि 'पक्षी आणि वाद्यवृंद यांच्यासाठी' एक कन्चेर्टो लिहिला. एरवी कन्चेर्टोमध्ये एक व्हायोलिनवाला किंवा पियानोवाला पुढे असतो आणि बाकीचा वाद्यवृंद त्याच्याशी बोलतो. इथे पुढे पाखरं, मागे माणसं.

तीन भाग आहेत, सगळं मिळून अठराएक मिनिटांचं काम. पहिला भाग दलदलीचा. दोन बासऱ्या एकमेकींच्या मागे फिरत सुरू होतात. वाजवणाऱ्यांनी शरद ऋतू आणि चायकोव्हस्की मनात आणावा अशी गमतीदार सूचना त्याने तिथे लिहून ठेवली आहे. मग हळूहळू पाखरं येतात, आणि खालून तंतुवाद्यांचा एक रुंद, संथ स्वर पुराचं पाणी चढावं तसा चढत जातो. दुसऱ्या भागाचं नावच विषाद. त्यात चंडोलाच्या जातीतल्या एका लहान पक्ष्याचा आवाज दोन सप्तकं खाली उतरवलेला आहे. टेप सावकाश केली की एवढ्याशा पाखराच्या गळ्यातून कुणीतरी मोठं, न दिसणारं जनावर हुंकार देतं. तिसऱ्या भागात स्थलांतर करणारे हंस. एकावर एक आवाज चढत जातात, वाद्यवृंद चार गटांत फुटून आपापलं वाजवतो, गोंगाट टिपेला जातो आणि मग सगळं दूर दूर जात विरून जातं. थवा निघून गेल्यावर आकाश उरतं ना, तसं.

संपल्यावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग बुवा म्हणाले, "दादा, ह्यात चाल कुठाय?"

प्रश्न बरोबर होता. आपल्याकडे गाण्यात आधी चाल शोधतात, मग ताल. समेवर मान हलली की आपण घरी पोचलो. इथे समच नाही. सरांनी वेगळा मुद्दा काढला. ते म्हणाले, पाखरांचा आवाज सुंदर आहेच, पण त्याला संगीत म्हणायचं का? संगीत माणूस करतो. पाखरू आपलं काम करतं, जोडीदार बोलावतं, हद्द सांगतं. यावर माझी बायको म्हणाली, "मग पावशाचं काय?" मृगाच्या आधी पावशा ओरडतो तेव्हा आपल्याकडे तो 'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणतो. पाखरू काही म्हणत नाही. म्हणतो तो शेतकरी. पण पिढ्यान् पिढ्या सगळ्यांना तेच शब्द ऐकू येतात, म्हणजे कुणीतरी केव्हातरी त्या आवाजाला चाल समजून त्यावर शब्द बसवलेच ना? राऊटावाराने शब्दांऐवजी व्हायोलिनं बसवली, एवढाच फरक. सर हसले, पण त्यांचा मूळ मुद्दा त्यांनी सोडला नाही. निघताना म्हणाले, "ऐकायला हरकत नाही. पण हे काही आपलं नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. सरांशी भांडायचं म्हणून नाही. 'आपलं नाही' असं म्हणताना आपण नेमकं काय म्हणतो, हे शोधावंसं वाटलं म्हणून. आणि शोधायला गेलं की महाराष्ट्रातच त्याचा मोठा मनोरंजक इतिहास सापडतो.

सुरुवात पुन्हा पेटीपासून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर, बावीस श्रुतींच्या मागे लागले होते. पेटीच्या सप्तकात बारा पट्ट्या, आणि आपली परंपरा सांगते बावीस श्रुती. मग मधल्या जागा जातात कुठे? देवलांनी खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्यातले स्वर मोजून बघितले आणि १९१० मध्ये पुस्तक काढलं. त्यांच्या जोडीला होते ई. क्लेमेंट्स नावाचे आयसीएस अधिकारी, इंग्रज साहेब. या दोघांनी मिळून बावीस श्रुतींची पेटी तयार करवली, ती सुद्धा लंडनच्या एका कंपनीकडून! म्हणजे बघा, फ्रेंच वाद्य, बंगाली दुरुस्ती, सांगलीचा हिशेब, किराणा घराण्याचा गळा, आणि बांधणी इंग्रजांची. १९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तेव्हा श्रुतींवरून बरीच खडाजंगी झाली. पंडित भातखंड्यांना हा हिशेब मान्य नव्हता. ती पेटी काही रुळली नाही. साधी बारा पट्ट्यांचीच गावोगाव गेली, आणि गोविंदराव टेंब्यांसारख्यांच्या हातात तिने मैफली गाजवल्या.

यानंतरचा अंक आणखी मजेदार आहे. १९३५ मध्ये जॉन फोल्ड्स नावाचा इंग्रज संगीतकार हिंदुस्थानात आला आणि दिल्ली आकाशवाणीवर युरोपीय संगीताचा प्रमुख झाला. त्याने १९३८ मध्ये आकाशवाणीच्या इंग्रजी पाक्षिकात पेटीविरुद्ध लेख लिहिला. मथळ्यातच त्याने 'हार्मोनियम' या शब्दाची फोड करून त्यातला 'हार्म', म्हणजे इजा, पुढे काढला होता. पेटी मींड घेऊ शकत नाही, तिचे स्वर ठोकळेबाज, ती हिंदुस्थानी संगीताचा नाश करतेय, असा एकूण सूर. रवींद्रनाथ ठाकूरांना आणि पंडित नेहरूंनाही पेटीचा तिटकाराच होता. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीच्या सगळ्या केंद्रांवर पेटीला बंदी आली. ती थेट १९७१ पर्यंत, आणि त्यानंतरही ती उठली टप्प्याटप्प्यानेच. तीस वर्षं! गंमत म्हणजे या काळात स्वतः उत्तम पेटी वाजवणारे पु. ल. देशपांडे त्याच आकाशवाणीत नोकरी करत होते.

मी हे बुवांना सांगितलं तेव्हा ते चकितच झाले. "म्हणजे रेडिओवर आमची पेटी परकी, असं एका साहेबानं ठरवलं?" साहेबाने एकट्याने नाही, आपल्याही मोठ्या माणसांनी. आणि त्यांचं म्हणणं अगदी चुकीचं होतं असंही नाही. पेटीवर मींड येत नाही, हे बुवांनाही ठाऊक आहे. पण देवळातल्या लोकांनी तो प्रश्न सोडवला नाही, तो प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला. पेटी गळ्याला टेकू देते, दहा बेसूर माणसांना एका स्वरावर आणते, खेड्यात दुरुस्त होते. एवढं पुरेसं होतं. आपलं होण्यासाठी शुद्ध असावं लागतं असं नाही. उपयोगी पडावं लागतं, आणि बराच काळ सोबत राहावं लागतं.

आता त्याच रेडिओची दुसरी गोष्ट.

पहाटे रेडिओ लावला की आधी एक धून लागायची. मागे तंबोरा, वर व्हायोलिन. शिवरंजनीची छाया असलेले मोजके स्वर, पुन्हा पुन्हा. ज्यांचं लहानपण 'माझं घर माझं शेत' आणि 'कामगार सभा' ऐकण्यात गेलं, त्यांना ही धून नुसती आठवली तरी चुलीवरच्या चहाचा वास येतो. आमच्याकडे गायीची धार काढायची वेळ तीच. यापेक्षा आणखी 'आपलं' काय असणार?

ही धून बांधणाऱ्याचं नाव वॉल्टर कॉफमन. (कधी कधी ठाकूर बलवंतसिंह वगैरे इतर नावंही घेतली जातात, पण अभ्यासकांचा कौल कॉफमनकडे आहे.) जन्म १९०७, कार्ल्सबाद, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातलं कार्लोवी वारी. जर्मन बोलणारा ज्यू. बर्लिनला फ्रान्झ श्रेकरकडे रचना शिकला, कुर्ट झाक्सकडे संगीतशास्त्र. १९३३ मध्ये जर्मनीत हिटलर आला, आणि ज्यू संगीतकारांची दारं एकेक करून बंद व्हायला लागली. १९३४ मध्ये कॉफमन बोटीने मुंबईला उतरला. व्हिसा सहज मिळाला हेही एक कारण होतं. थोडे दिवस राहावं असा विचार असेल, पण राहिला बारा वर्षं. त्याची बायको गर्टी ही फ्रान्झ काफ्काची भाची. काफ्काच्या तिन्ही बहिणी पुढे नाझींच्या हाती मारल्या गेल्या, गर्टीची आई त्यातलीच एक. मागे राहिलेल्यांचं काय झालं हे बघितलं की मुंबईच्या त्या बोटीची किंमत कळते.

पण मला या माणसाबद्दल सगळ्यात भावतं ते वेगळंच. येण्याआधी त्याने हिंदुस्थानी संगीताच्या काही ध्वनिमुद्रिका ऐकल्या होत्या. त्या त्याला अगदी परक्या वाटल्या, काही कळेनाच. बर्लिनमध्ये शिकलेल्या माणसाला 'हे प्राथमिक अवस्थेतलं संगीत आहे' असं म्हणून मोकळं होणं अगदी सोपं होतं. त्या काळी पुष्कळ जण म्हणतही होते. त्याने वेगळा विचार केला. हे संगीत बुद्धी आणि हृदय असलेल्या माणसांनीच केलेलं आहे, लाखो लोकांना ते जिवापाड आवडतं, तेव्हा कमतरता संगीतात नसणार, ती माझ्या कानात असणार. आणि ती भरून काढायची तर ते जिथे जन्मलं तिथे जाऊन ऐकायला हवं. त्याने आपल्या आठवणींत ही गोष्ट सांगितली आहे.

मुंबईत आल्यावर काही महिन्यांतच त्याने 'बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी' उभी केली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात कार्यक्रम. (हो, गुरुवारीच! हा योगायोग मला हे वाचताना कळला.) पियानोवर स्वतः कॉफमन, चेलोवर एदिजिओ वेर्गा नावाचा इटालियन, आणि व्हायोलिनवर मेहली मेहता, म्हणजे झुबिन मेहतांचे वडील. तीनेक वर्षांत शंभराच्या वर कार्यक्रम झाले. १९३७ पासून १९४६ पर्यंत तो मुंबई आकाशवाणीवर युरोपीय संगीताचा प्रमुख होता. उरलेल्या वेळात राग शिकत होता, लिहून काढत होता. पुढे अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि १९६८ मध्ये उत्तर हिंदुस्थानी रागांवर जाडजूड ग्रंथ काढला, १९७६ मध्ये दक्षिणेच्या रागांवर. १९८४ मध्ये तो तिथेच वारला.

आता एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीतर हे सगळं फारच गोड होईल. विलिंग्डन जिमखान्यातल्या त्या गुरुवारी कोण बसत होतं? युरोपीय, पारशी, थोडे इतर उच्चभ्रू. त्याच मुंबईत गिरणगावात माझ्या आजोबांच्या पिढीतली माणसं रात्रपाळी करून भजनाला बसत होती. कोकणातून, देशावरून, आमच्या कर्जत तालुक्यातूनही गेलेली. दोन्ही ठिकाणी संगीत चाललं होतं, मध्ये चार-पाच मैलांचं अंतर, आणि तरी कुणी कुणाचं ऐकलं नाही. भजनवाल्याला जिमखान्याच्या दारातून आत सोडलं नसतं, हे उघडच आहे. तेव्हा 'हे आपलं नाही' हे वाक्य प्रत्येक वेळी कानाच्या आळसातून येत नाही. कधी कधी ते बंद दाराच्या आठवणीतूनही येतं. सरांच्या वाक्यामागे ती आठवण असेल तर मी तिला नावं ठेवणार नाही.

दार मात्र एका ठिकाणी उघडं राहिलं. ते म्हणजे रेडिओ. जिमखान्यात जे वाजलं ते जिमखान्यातच विरलं. रेडिओवरची ती दहा-वीस सेकंदांची धून मात्र चाळीत गेली, एसटी स्टँडवर गेली, ग्रामपंचायतीच्या कर्ण्यातून पोशीरसारख्या गावात आली. तिला कुणी विचारलं नाही की तू कुठली. ज्या आकाशवाणीने पेटीला परकी म्हणून बाहेर काढलं, त्याच आकाशवाणीची ओळख एका निर्वासित ज्यू संगीतकाराने बांधलेल्या, व्हायोलिनवर वाजणाऱ्या धुनेने होत होती. व्हायोलिन तरी कुठे इथलं? पण वाईला जन्मलेल्या व्ही. जी. जोगांनी आणि गजाननराव जोशींनी त्यावर राग वाजवले तेव्हा ते परकं आहे हे कुणाला आठवलं?

मग मला वाटलं, 'आपलं' होण्याच्या दोन वाटा आहेत. एक पेटीची: वापरून वापरून, काही न विचारता. दुसरी कॉफमनची: कळत नाही असं दिसल्यावर स्वतःला प्रश्न विचारून, जवळ जाऊन, वर्षानुवर्षं ऐकून. पहिली वाट समाजाची, तिला शंभर वर्षं लागतात. दुसरी एकट्या माणसाला आपल्या आयुष्यातही चालता येते. फिनलंडमधलाच एरो हॅमेनिएमी हा १९५१ साली जन्मलेला संगीतकार असाच तामिळनाडूच्या ओढीने येत राहिला, तमिळ शिकला, बॉम्बे जयश्रींच्या गळ्यासाठी त्याने प्राचीन तमिळ कवितांवर रचना केल्या. म्हणजे फिनलंडच्या संगीतकारांना आपण इतके परके वाटत नाही, असं म्हणायला हरकत नाही.

दोन आठवड्यांनी मी 'कांटुस आर्क्टिकुस' पुन्हा लावलं. या वेळी आधी थोडं सांगितलं. चाल शोधू नका, थर शोधा. भजनात टाळ, मृदंग, पेटी, आणि मागे म्हणणारे असे थर असतात ना, तसे. समेची वाट बघू नका. आलापात कुठे सम असते? बुवांनी डोळे मिटले. दुसऱ्या भागातला तो खाली उतरवलेला आवाज आला तेव्हा त्यांनी बोट वर करून मला थांबायची खूण केली, जणू मीच काही वाजवत होतो. शेवटी म्हणाले, "हा आवाज खर्ज लावतो तसा आहे. पाखराला खर्ज लावायला शिकवलाय त्यानं." मी या रचनेबद्दल जाणकारांचं बरंच वाचलंय. इतकं नेमकं वाक्य मला कुठे सापडलेलं नाही.

सर मात्र अजून आपल्या मतावर ठाम आहेत, आणि ते तसेच राहोत. ते म्हणाले, "आता कळतंय. पण कळणं आणि आपलं असणं वेगळं." हेही खरंच. शेजाऱ्याचं दुःख कळतं म्हणून ते आपलं होत नाही. पण कळल्यानंतर आपण त्याच्या दारावरून पूर्वीसारखे जात नाही, एवढं तरी होतं. मी सरांना म्हटलं, मला एवढं पुरे आहे. चर्चा तिथेच थांबली. सगळ्या चर्चा कुठे तरी पोचल्याच पाहिजेत असं थोडंच आहे?

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. कॉफमनने आपलं ऐकण्यासाठी एवढा खटाटोप केला. त्याची धून आपण हजारो वेळा ऐकली. पण त्याचं बाकीचं? त्याने चेंबर संगीत लिहिलं, सिंफन्या लिहिल्या, मुंबईत असताना १९४३ मध्ये 'इंडियन सिंफनी' लिहिली. यातलं आपण काय ऐकलं? काही नाही. त्याच्यावरचं एक चांगलं पुस्तक मुंबईच्या अमृत गंगर यांनी २०१३ मध्ये केलं. टोरांटोच्या एआरसी आँसाँब्लने २०२० मध्ये त्याच्या चेंबर रचनांची तबकडी काढली, म्हणजे तो गेल्यावर छत्तीस वर्षांनी. गोव्याच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचंही काहीसं असंच. त्यांनी रागांवर वाद्यवृंदासाठी रचना लिहिल्या, १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्सच्या आवारात मोठा वाद्यवृंद उभा करून लता मंगेशकर आणि मन्ना डे यांच्यासह त्या सादर केल्या. आज त्यांचं नाव सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण एका सिनेमातल्या गाण्यामुळे, आणि ते गाणं विनोदी आहे.

म्हणजे परकं म्हणून न ऐकणं हा एक प्रकार झाला. आपलं झालंय म्हणून न ऐकणं हा दुसरा, आणि तो जास्त वाईट. परक्यासाठी निदान कान टवकारले जातात. जे आपलं झालं त्याच्यामागे कोण माणूस होता, तो कुठून आला, काय सोडून आला, हे विचारायचं आपल्याला सुचतच नाही.

त्या तबकडीत कॉफमनचं अकरा क्रमांकाचं स्ट्रिंग क्वार्टेट आहे. दोन व्हायोलिनं, एक व्हिओला, एक चेलो. मी यादीत सगळ्यात वर लिहून ठेवलंय. तुमच्यापैकी कुणाला ते मिळालं तर अवश्य ऐका, आणि जमलं तर एकट्याने नको, दोन-चार जणांना बोलावून ऐका. 'छान' म्हणून सुटू नका. न कळलं तर तसं मोकळेपणाने म्हणा. त्या माणसाची आपल्याशी ओळखही तिथूनच सुरू झाली होती.